एकाच जुन्या पीसीवर विंडोज ९८ आणि एक्सपी: पार्टिशनपासून बूट मेनूपर्यंत

पॅरलल पोर्टला लॉक (नक्कल रोखणारं छोटं यंत्र) लावून चालणारं जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर, आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमधल्या कार्डावर चालणारं प्रयोगशाळेतलं उपकरण, खऱ्या डॉस मोडमध्येच नीट चालणारे खेळ, या कामांना आजही विंडोज ९८ लागते. एक्सपीत प्रोग्रामला पोर्टशी थेट बोलता येत नाही, मध्ये ड्रायव्हर लागतो. तो कंपनीने काढलाच नसेल तर लॉक समोर लावलेलं असूनही सॉफ्टवेअर ‘लॉक सापडलं नाही’ असंच म्हणत राहतं. उलट युनिकोड देवनागरी, पेन ड्राइव्ह आणि नंतरच्या काळातले प्रिंटर यांसाठी एक्सपी हवी. दोन्ही एका मशीनवर छान नांदतात, पण काम बिघडायचं असेल तर ते बहुधा पहिली सीडी आत जाण्याआधीच बिघडलेलं असतं. पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा क्रम आणि इन्स्टॉलेशनचा क्रम या दोन गोष्टी आधी कागदावर ठरवा.

आज्ञा आणि फायलींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

मशीन आणि सामान

पेंटियम ४ आणि इंटेल ८४५ किंवा ८६५ चिपसेटचा बोर्ड असेल तर सर्वांत कमी त्रास होतो. ८६५ नंतरच्या पिढीत इंटेलने ९८ ला वाऱ्यावर सोडलं. आयएसए स्लॉट हवाच असेल तर ४४०बीएक्स चिपसेटचा पेंटियम २ किंवा ३ चा बोर्ड शोधा. मात्र त्या काळच्या काही बायोसना ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क झेपत नाही आणि मशीन डिस्क ओळखतानाच अडकतं. अशा वेळी बायोस अपडेट करा, किंवा डिस्कवर क्षमता मर्यादित करणारा जंपर असेल तर तो लावा.

ग्राफिक्स कार्ड घेताना ९८ चा ड्रायव्हर आधी बघा, कार्ड नंतर. एनव्हिडियाचा ९८ साठीचा शेवटचा अधिकृत ड्रायव्हर ८१.९८, आणि तो जीफोर्स ६ मालिकेपर्यंत चालतो. एटीआयचा शेवटचा कॅटलिस्ट ६.२, म्हणजे साधारण रेडिऑन एक्स८५० पर्यंत. यापुढचं कार्ड एक्सपीत चालेल, पण ९८ मध्ये सोळा रंगांवर अडकून राहाल.

रॅम ५१२ एमबी ठेवा. एक्सपीला तेवढी पुरते आणि ९८ ला तेवढी सोसते. जास्त हवी असेल तर काय करायचं ते पुढे येतं, पण इन्स्टॉल करताना तरी ५१२ ची एकच पट्टी ठेवा.

हार्ड डिस्क ४० जीबीची आयडीई असली तर उत्तम. वरची मर्यादा १३७ जीबी. ९८ चा मूळ डिस्क ड्रायव्हर २८ बिटांचा पत्ता वापरतो, त्यामुळे त्यापलीकडची जागा त्याला दिसतच नाही. तिथे लिहायला गेला की पत्ता गुंडाळून डिस्कच्या सुरुवातीला येतो आणि तिथला डेटा चिरडला जातो. कुठलाही इशारा मिळत नाही, म्हणून ही मर्यादा गांभीर्याने घ्या. जुनी डिस्क कुरकुरत असेल तर आयडीई-साटा अडॅप्टरवर १२० जीबीची एसएसडी लावता येते, ती मर्यादेच्या आत बसते. बोर्डावरच साटा पोर्ट असतील तर बायोसमध्ये मोड आयडीई किंवा लेगसी ठेवा. एएचसीआय हा साटाचा नवा मोड ९८ ला कळत नाही, आणि एक्सपीलाही एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर दिल्याशिवाय कळत नाही.

बाकी सामान: विंडोज ९८ सेकंड एडिशनची सीडी (पहिली आवृत्ती नको), ९८ ची स्टार्टअप फ्लॉपी, एसपी२ किंवा एसपी३ (सर्व्हिस पॅक, म्हणजे सुधारणांचा संच) मिसळलेली एक्सपीची सीडी, दोन्हींच्या २५ अक्षरी की, आणि सगळे ड्रायव्हर एका सीडीवर लिहून. पेन ड्राइव्हवर नकोत, कारण ताजी ९८ पेन ड्राइव्ह ओळखत नाही. मशीन बरेच दिवस बंद पडून असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल आधीच बदला. तो मेलेला असला की तारीख आणि बूटचा क्रम दरवेळी पुसला जातो आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो. बोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले तर तो बोर्ड आधी दुरुस्तीला द्या.

डिस्कची वाटणी

नियम एकच: सी ड्राइव्ह दोघींचा सामाईक आहे. एक्सपी कुठेही टाकली तरी तिच्या बूटच्या फायली सीवरच येतात. म्हणून सी फॅट३२ असलाच पाहिजे. फॅट३२ आणि एनटीएफएस या डिस्कवर फायली मांडण्याच्या दोन पद्धती. ९८ ला एनटीएफएस वाचता येत नाही.

बहुतेक जण सीवर ९८, डीवर एक्सपी आणि ईवर सामाईक डेटा अशी वाटणी करतात. इथेच अक्षरांचा घोळ होतो. एक्सपीचं पार्टिशन एनटीएफएस असल्यामुळे ९८ त्याला अक्षरच देत नाही, मग एक्सपीतला ई ड्राइव्ह ९८ मध्ये डी होतो. पेजमेकरच्या फायलीत जोडलेल्या चित्रांचे पत्ते, शॉर्टकट, सगळं तुटतं. त्याऐवजी एक्सपी शेवटी ठेवा. ४० जीबीची डिस्क प्रत्यक्षात सुमारे ३८,१०० एमबी दिसते, तिची वाटणी अशी:

सी: ८,००० एमबी, प्रायमरी (मुख्य पार्टिशन), फॅट३२, विंडोज ९८.
डी: १०,००० एमबी, लॉजिकल (एक्स्टेंडेड नावाच्या मोठ्या पार्टिशनच्या आतला भाग), फॅट३२, सामाईक डेटा.
ई: उरलेली सुमारे २०,००० एमबी, लॉजिकल, पुढे एनटीएफएस, एक्सपी.

आता डी दोन्हीकडे डीच राहतो. सी ८,००० वर थांबवण्यालाही कारण आहे. फॅट३२ मध्ये ८ जीबीपर्यंत क्लस्टर, म्हणजे फायलीला मिळणारा जागेचा लहानात लहान तुकडा, ४ केबीचा असतो आणि पुढे तो ८ केबीचा होतो. ९८ मध्ये बारीक फायलींची संख्या मोठी, त्यामुळे लहान क्लस्टरमध्ये जागा कमी वाया जाते.

दोन्ही एकाच पार्टिशनवर टाकण्याचा मोह टाळा. प्रोग्राम फाइल्सचा फोल्डर एकच राहतो, त्यात इंटरनेट एक्सप्लोरर आणि आउटलुक एक्सप्रेसच्या फायली एकमेकींवर लिहिल्या जातात आणि दोन्ही अर्धवट चालतात.

बायोस आणि एफडिस्क

बायोसमध्ये बूटचा क्रम फ्लॉपी, सीडी, हार्ड डिस्क असा लावा. ‘व्हायरस वॉर्निंग’ किंवा बूट सेक्टर संरक्षण असा पर्याय असेल तर बंद करा. दोन्ही इन्स्टॉलेशन बूट सेक्टरवर, म्हणजे मशीन उठताना वाचल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या भागावर लिहितात, आणि हा पर्याय चालू असेल तर ऐन मोक्याला लिहिणं अडतं.

स्टार्टअप फ्लॉपी घालून मशीन चालू करा, मेनूतला सीडी-रॉमच्या आधारासहित सुरू करण्याचा पहिला पर्याय निवडा, मग ए च्या पुढे एफडिस्क ही पार्टिशन करणारी आज्ञा टाइप करा.

१. मोठ्या डिस्कचा आधार हवा का, या प्रश्नाला वाय. इथे एन दिलं तर फॅट१६ मिळेल आणि पार्टिशन २ जीबीवर थांबेल.

२. डिस्कवर आधीची पार्टिशन असतील तर पर्याय ३ ने पुसा. आधी लॉजिकल, मग एक्स्टेंडेड, शेवटी प्रायमरी. आत लॉजिकल ड्राइव्ह असताना एक्स्टेंडेड पुसता येत नाही. एनटीएफएस असेल तर ते ‘नॉन-डॉस’ म्हणून दिसतं. डिस्कवरचा हवा तो डेटा अर्थात याआधीच दुसरीकडे काढलेला असावा.

३. पर्याय १, मग पुन्हा १: प्रायमरी. पूर्ण जागा वापरायची का, याला एन. आकार ८०००.

४. पर्याय १, मग २: उरलेली सगळी जागा एक्स्टेंडेडला. लगेच लॉजिकल ड्राइव्ह विचारेल. पहिल्याला १००००, दुसऱ्याला उरलेलं सगळं.

५. मुख्य मेनूतला पर्याय २ वापरून सी ॲक्टिव्ह करा. पूर्ण जागा घेतली नाही की एफडिस्क हे स्वतःहून करत नाही. विसरलात तर मशीन डिस्कवरून उठणार नाही.

बाहेर पडा आणि मशीन पुन्हा चालू करा. त्याशिवाय नवी पार्टिशन डॉसला दिसत नाहीत.

डिस्क ६४ जीबीपेक्षा मोठी असेल तर ९८ सोबतचा मूळ एफडिस्क आकार चुकीचा दाखवतो. ६४ जीबी वजा करून उरलेला आकडा दिसतो, म्हणजे ८० जीबीची डिस्क जेमतेम १० जीबीची वाटते. मायक्रोसॉफ्टने सुधारित एफडिस्क काढला होता, तो फ्लॉपीवर घ्या. नाहीतर डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रामने हीच वाटणी करा.

पुन्हा फ्लॉपीवरून बूट करून फॉरमॅट सी, फॉरमॅट डी, फॉरमॅट ई अशा तिन्ही करून घ्या, प्रत्येक अक्षरापुढे विसर्गासारखे दोन टिंब देऊन. ई पुढे एनटीएफएस होणार असला तरी आता फॉरमॅट करा. एक्सपीचं सेटअप सुरू होताना तिन्ही ड्राइव्ह जागेवर असले की अक्षरं सी, डी, ई अशी ओळीने लागतात. ई रिकामी जागा म्हणून सोडलीत तर मधलं अक्षर सीडी ड्राइव्ह पटकावतो आणि एक्सपी एफवर जाऊन बसते. नंतर ते अक्षर बदलता येत नाही.

विंडोज ९८

या फ्लॉपीवर एक गंमत आहे, ती माहीत नसेल तर गोंधळायला होतं. ती रॅममध्ये २ एमबीचा तात्पुरता ड्राइव्ह बनवते आणि तो पुढचं अक्षर घेतो. म्हणजे आपल्या वाटणीत रॅम ड्राइव्ह एफ आणि सीडी जी.

सीडीवरून थेट सेटअप चालवू नका. आधी जीवरच्या विन९८ फोल्डरमधलं स्मार्टडीआरव्ही चालवा, त्याने डॉसमधली कॉपी कितीतरी पटींनी वेगाने होते. मग एमडी आज्ञेने सीवर विन९८ नावाचा फोल्डर करा, सीडीवरच्या विन९८ मधल्या सगळ्या फायली त्यात कॉपी करा आणि तिथूनच सेटअप चालवा. दोनशे एमबीच्या आतलं काम आहे. फायदा असा की पुढे प्रत्येक ड्रायव्हर टाकताना ९८ सीडी मागते, तेव्हा ती फायली आपोआप या फोल्डरमधून घेते. शिवाय सीडीचं अक्षर बदललं तरी काही अडत नाही.

सेटअपमध्ये फोल्डर सीवरचा विंडोज हाच ठेवा, प्रकार ‘टिपिकल’, की टाका. मशीन काही वेळा आपोआप बंद-चालू होईल. पहिल्यांदा पासवर्डची चौकट आली की रिकामी ठेवून एंटर दाबा, म्हणजे ती पुन्हा विचारत नाही.

ड्रायव्हरचा क्रम पाळा: आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग साउंड आणि नेटवर्क, शेवटी यूएसबी मास स्टोरेजचा जेनेरिक ड्रायव्हर. चिपसेट आधी टाकला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी उद्गारचिन्हं राहतात आणि एजीपी कार्ड धड चालत नाही. नंतर तीन बारीक कामं करा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये डीएमएच्या चौकटीत टिक करा. मूळ स्थितीत ती रिकामी असू शकते, आणि मग डिस्क सगळं काम प्रोसेसरकडून करून घेते.

तिथेच सीडी ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये राखीव अक्षर म्हणून सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे आर द्या. ई पुढे एनटीएफएस झाला की ९८ च्या नजरेतून तो नाहीसा होईल आणि सीडी ईवर सरकेल. आर ठरवून दिलं की ती हलत नाही.

रॅम ५१२ एमबीपेक्षा जास्त करायची असेल तर आत्ताच सिस्टिम डॉट आयएनआय उघडा. व्हीकॅश विभागात ‘मॅक्सफाइलकॅश’ हा सलग शब्द, बरोबरचं चिन्ह आणि ५२४२८८ अशी ओळ लिहा. मोठी रॅम दिसली की ९८ चा कॅश पत्त्यांची सगळी जागा व्यापतो आणि भरपूर रॅम असूनही मेमरी अपुरी असल्याचा निरोप येतो. रॅम १ जीबीच्या वर असेल तर ३८६ईएनएच विभागात ‘मॅक्सफिजपेज’ ला ४०००० द्या. हा आकडा सोळा-आधारी आहे, ४ केबीच्या पानांनी मोजला की नेमका १ जीबी होतो. पट्टी वाढवायची ती या ओळी लिहून झाल्यावर.

सगळे ड्रायव्हर नीट बसले, दोन-तीनदा बंद-चालू करून ९८ ठणठणीत आहे अशी खात्री झाली की मगच पुढे. वेगवान मशीनवर बंद करताना वीज डिस्कचा कॅश रिकामा होण्याआधीच जाते आणि पुढच्या वेळी स्कॅनडिस्क दिसतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचा आयडीई हार्ड ड्राइव्ह कॅशचा पॅच आहे, तो टाका.

एक्सपी

कार्ड रीडर, पेन ड्राइव्ह, यूएसबी डिस्क सगळं काढून ठेवा. कार्ड रीडरच्या चार खाचा चार अक्षरं खातात. फ्लॉपीही बाहेर काढा.

एक्सपीच्या सीडीवरून बूट करा, एफ८ ने करार मान्य करा. पार्टिशनच्या यादीत सी, डी, ई आकारांसह दिसतील. इथे घाई करू नका. पट्टी ईवर, म्हणजे सुमारे २०,००० एमबीच्या ओळीवर नेऊन एंटर दाबा, एनटीएफएस क्विक फॉरमॅट निवडा, पुढच्या पडद्यावर अक्षर ई असल्याचं पुन्हा वाचा आणि मगच एफ. चुकून सी निवडला तर आतापर्यंतचं सगळं काम जातं.

फायली कॉपी होऊन मशीन पुन्हा चालू झालं की ‘सीडीवरून बूट करण्यासाठी कळ दाबा’ असं येईल. या वेळी काही दाबू नका, नाहीतर तेच सेटअप पहिल्यापासून सुरू होतं.

पडद्यामागे काय झालं ते समजून घेतलं तर पुढची दुरुस्ती सोपी जाते. एक्सपीने सीवरचा ९८ चा बूट सेक्टर उचलून बूटसेक्ट डॉट डॉस नावाच्या फायलीत जपून ठेवला, त्याच्या जागी स्वतःचा लिहिला, आणि सीवर एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट डॉट कॉम आणि बूट डॉट आयएनआय ठेवल्या. मेनूत ९८ निवडली की एनटीएलडीआर तो जपलेला सेक्टर चालवतो. म्हणूनच ९८ आधी, एक्सपी नंतर. उलट्या क्रमाने गेलात तर ९८ एनटीएलडीआरचा विचार न करता स्वतःचा बूट सेक्टर लिहून मोकळी होते.

मेनू तीस सेकंद थांबतो. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी, सेटिंग्ज इथे वेळ दहा सेकंद करा आणि नेहमीची सिस्टिम निवडा. तिथल्याच एडिट बटणाने बूट डॉट आयएनआय उघडते. ९८ ची ओळ नुसती ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज’ अशी असते, अवतरणातलं नाव बदलून विंडोज ९८ करा. डावीकडच्या भागाला हात लावू नका. एक्सपीच्या ओळीत पार्टिशनचा आकडा ३ दिसायला हवा: सी एक, डी दोन, ई तीन. एक्स्टेंडेडचा डबा यात मोजत नाहीत.

देवनागरीसाठी कंट्रोल पॅनेलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्सच्या लँग्वेजेस टॅबमध्ये जटिल लिप्यांच्या पर्यायाला टिक करा. एक्सपीची सीडी मागेल. पुन्हा चालू केल्यावर मंगल फाँटमध्ये जोडाक्षरं नीट दिसतात आणि मराठी कीबोर्ड जोडता येतो.

सामाईक डी वापरताना

डीवरच्या फायलींची नावं इंग्रजीत ठेवा. एक्सपीत ‘पत्रिका’ असं नाव दिलेली फाइल ९८ मध्ये नुसत्या अधोरेखांची दिसते आणि उघडतच नाही. आतला मजकूर शाबूत असतो, अडतं ते नावापाशी. जुन्या फाँटांत टाइप केलेले डीटीपीचे मजकूर दोन्हीकडे उघडतात, फक्त तो फाँट दोन्हीकडे टाकलेला हवा. ४ जीबीपेक्षा मोठी फाइल फॅट३२ वर मावत नाही, ती ईवर ठेवा.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांसाठी एक सूचना: वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करण्याचं काम दोन्ही सिस्टिम आपापलं करतात आणि वेळ दोन तासांनी सरकते. एकीत ते बंद करा. भारतात हा प्रश्न येत नाही.

९८ चा आधार ११ जुलै २००६ ला संपला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ ला. हे मशीन इंटरनेटला जोडू नका. फायली ने-आण पेन ड्राइव्हने करा, आणि तो आधी आजच्या मशीनवर तपासून घ्या.

बिघडलं तर

‘एनटीएलडीआर इज मिसिंग’: आधी फ्लॉपी ड्राइव्ह बघा. एक्सपीत फॉरमॅट केलेली रिकामी फ्लॉपी आत राहिली तरी हाच निरोप येतो. फ्लॉपी नसेल तर ९८ च्या फ्लॉपीवरून बूट करून एक्सपीच्या सीडीवरच्या आय३८६ फोल्डरमधून एनटीएलडीआर आणि एनटीडिटेक्ट डॉट कॉम सीच्या मुळाशी कॉपी करा. सी फॅट३२ असल्याचा हा मोठा फायदा.

एचएएल डॉट डीएलएल हरवल्याचा निरोप: ती फाइल बहुधा जागेवरच असते. बूट डॉट आयएनआयमधला पार्टिशनचा आकडा चुकलेला असतो. पार्टिशन मागाहून जोडलं किंवा काढलं की हे होतं.

मेनूच येत नाही, थेट ९८ उघडते: कोणीतरी ९८ पुन्हा टाकली किंवा सीवर ‘सिस’ ही बूट सेक्टर नव्याने लिहिणारी आज्ञा चालवली. एक्सपीच्या सीडीवरून बूट करा, आर दाबून रिकव्हरी कन्सोल, एक्सपीचा क्रमांक, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड, मग फिक्सबूट सी. बूटसेक्ट डॉट डॉस सीवर शिल्लक असेल तर मेनू आणि दोन्ही सिस्टिम परत येतात.

मेनू येतो, पण ९८ निवडल्यावर उठत नाही: बूटसेक्ट डॉट डॉस पुसली गेली आहे, किंवा सी एनटीएफएसमध्ये बदलला आहे. पहिल्या कारणावर फायलीची प्रत परत ठेवणं हा इलाज. दुसऱ्या कारणासाठी एक्सपीत परतीची वाट नाही, म्हणून सीवर कन्व्हर्ट ही एनटीएफएस करणारी आज्ञा कधीच चालवू नका.

सगळं मार्गी लागलं की त्याच दिवशी एक फ्लॉपी एक्सपीमध्येच फॉरमॅट करा आणि तिच्यावर एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट डॉट कॉम, बूट डॉट आयएनआय आणि बूटसेक्ट डॉट डॉस या चार फायली कॉपी करा. त्या लपवलेल्या असतात, फोल्डर ऑप्शन्समधून सिस्टिम फायली दाखवायला सांगा. चारही मिळून १.४४ एमबीत सहज मावतात. सीचा बूट सेक्टर बिघडला तरी या फ्लॉपीवरून तोच मेनू येतो आणि एक्सपी उघडते. फ्लॉपीवर तारीख लिहा आणि मशीनच्या कॅबिनेटलाच पाकिटात चिकटवून ठेवा.